रक्तवाहिनीविकार-प्रतिबंध

धमन्यांत मेद साचून (पहा : धमनीकाठिण्य) होणारे हृदयविकार, पक्षाघात व पायांचे रक्ताभिसरणदोष धोकाघटकांच्या नियंत्रणाने टाळण्याची व आटोक्यात ठेवण्याची पद्धती. धोकाघटकांची संकल्पना अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीतून (प्रारंभ १९४८) रूढ झाली. वय व आनुवंशिकता बदलता येत नाहीत. उच्च रक्तदाब (१४०/९० व अधिक), मधुमेह (पहा), वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थूलता व तंबाखू यांवर नियंत्रण शक्य असते. विदर्भात तंबाखू बिडीप्रमाणेच खर्ऱ्यातूनही (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घेतला जातो. चालताना पोटरीत गोळा येणे व थांबताच तो ओसरणे, हे पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे ठळक लक्षण. रक्तदाब बहुधा लक्षणांविना वाढतो; म्हणून नियमित मोजणी व अखंड औषधोपचार आवश्यक असतात. तंबाखूच्या नियंत्रणासाठी महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.