बेघराचा अर्ज

घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून, असें आपल्याकडील अनुभवी माणसें सांगत आलीं आहेत. इंग्लंडांतील गरीब माणसाला तिसरीहि एक गोष्ट करून पाहावी लागते. राहतें घर सुटण्याची वेळ आली कीं तेथील नगरसभेकडे, म्हणजे कौन्सिलकडे, घर मागून पाहावें लागतें. कौन्सिलनें बांधलेलीं आणि बेताच्या भाड्यानें दिलेलीं घरें ही त्या देशाची विसाव्या शतकांतील एक मोठी कमाई होय. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना सरकारनें घरें बांधून भाड्यानें देणें म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. परंतु घर बांधणें ही एक गोष्ट, आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाहीं त्याला तें मिळणें ही अगदीं निराळी. या दुसऱ्या गोष्टीच्या इतिहासाविषयीं आज मी बोलणार आहें. मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे न गेलेला, पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविलेला शाळामास्तर आहें. तेव्हां कलमांपेक्षां माणसांकडे माझें लक्ष अधिक गेलें तर श्रोत्यांनीं सांभाळून घ्यावें.

एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. साल २०१० च्या सुमाराचें. लंडनच्या एका भागांत दोन मुलांची आई भाड्याच्या जागेंत राहत आहे. दोन महिन्यांत जागा सोडावी अशी नोटीस मालकानें दिली आहे. तिचें भाडें थकलेलें नाहीं, वर्तनाबद्दल तक्रार नाहीं. १९८८ च्या गृहविषयक कायद्यानें कारण न सांगतां अशी नोटीस देण्याचा अधिकार मालकांस दिला होता. (तो काढून घेणारा कायदा पार्लमेंटनें २०२५ सालीं संमत केला.) ती बाई नोटीस घेऊन कौन्सिलच्या कचेरींत जाते. खिडकीमागचा कारकून सभ्यपणें सांगतो, "आपण अद्याप बेघर झालेल्या नाहीं. कोर्टाचा हुकूम होऊं द्या, बेलीफ येऊं द्या, मग या." बाई विचारते, "मुलांच्या देखत सामान रस्त्यावर निघण्यापेक्षां मी आधींच निघालें तर?" "मग आपण होऊन घर सोडलें असें ठरेल, आणि आमच्यावर जबाबदारी उरणार नाहीं." हा संवाद मीं रचलेला आहे; परंतु या अर्थाचें उत्तर तेथील असंख्य अर्जदारांनीं वर्षानुवर्षें ऐकलेलें आहे. कोर्टाचा खर्च बहुधा त्या बाईच्याच माथीं बसतो, तो वेगळाच.

हें उत्तर कारकुनाच्या लहरींतून निघालेलें नाहीं. त्याचें मूळ शोधीत गेलें तर आपण १६६२ सालापर्यंत जाऊन पोंचतों. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत त्या वर्षीं वस्तीचा कायदा झाला. इंग्लंडांत गरिबांचा सांभाळ करण्याचा भार प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दींतील गांवावर, असे. तो भार परक्या गरिबासाठीं कोणी उचलावा? कायद्यानें ठरविलें कीं वर्षाला दहा पौंडांपेक्षां कमी भाड्याच्या जागेंत कोणी नवखा येऊन राहिला, आणि पुढेंमागें तो गांवावर पडेल अशी धास्ती वाटली, तर ४० दिवसांच्या आंत तक्रार करून दोन न्यायाधिशांच्या हुकुमानें त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत लावून द्यावें. अविवाहित गर्भवती स्त्रियांची तर घाईघाईनें हद्दीबाहेर रवानगी होई, कारण मूल ज्या हद्दींत जन्मेल त्या हद्दीच्या गळ्यांत पडे. 'तूं आमचा आहेस काय?' हा पहिला प्रश्न त्या काळीं विचारला गेला, आणि तो पुढें कधींच पुसला गेला नाहीं.

दुसरा प्रश्न १८३४ च्या दरिद्रविषयक कायद्यानें धारदार केला. 'तुझ्यावर ही पाळी आली यांत दोष कोणाचा?' धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्यानें वर्कहाउसमध्यें यावें, आणि आंतील जिणें बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराच्या जिण्याहूनहि नकोसें असावें, हें त्या कायद्याचें उघड तत्त्व होतें. तेथें नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलें तिसरीकडे. रात्रीपुरता आसरा मागणाऱ्या भटक्यांसाठीं वेगळे वॉर्ड असत. तेथें एका रात्रीच्या निवाऱ्याचें मोल दगड फोडून किंवा जुने दोर उसवून द्यावें लागे. आपल्या बिहारांत मोतीहारी येथें १९०३ सालीं जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल अशा वॉर्डांतून मुद्दाम राहिला होता, आणि १९३३ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्यांचें वर्णन केलें आहे.

आतां घरांकडे वळूं. १८९० च्या कायद्यानें कौन्सिलांना गलिच्छ वस्त्या पाडून नवीं घरें बांधण्याचे अधिकार मिळाले. लंडनच्या शोरडिच भागांतील ओल्ड निकल नांवाची कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथें लंडन काउंटी कौन्सिलनें बाउंड्री एस्टेट ही वसाहत उभारली. १९०० सालीं युवराजांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. मध्यें बाग, भोंवतीं विटांच्या सुंदर इमारती. आजहि लोक त्या पाहावयास जातात. पण ज्यांचीं घरें पाडलीं त्या पांच हजारांहून अधिक माणसांपैकीं नव्या घरांत किती गेलीं? अवघीं ११. भाडें त्यांच्या आटोक्याबाहेरचें होतें, आणि घरांतल्या घरांत किडूकमिडूक धंदा करून पोट भरणाऱ्यांना नव्या नियमांत जागा नव्हती. बाकीचीं शेजारच्या गल्ल्यांत जाऊन दाटीवाटीनें राहिलीं. वर्गांत हा धडा सांगतांना मीं हा ११ चा आंकडा फळ्यावर लिहीत असें, आणि मुलांना वाटे कीं मास्तर शून्यें द्यावयाचीं विसरले! प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरहि, पाडलीं अधिक आणि बांधलीं कमी, हाच आक्षेप आला होता, हें येथें सहज आठवतें.

पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं आरोग्यमंत्री ॲडिसन यांच्या कायद्यानें कौन्सिलच्या घरांना सरकारी द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. तीन वर्षांत पांच लक्ष घरें, असा संकल्प होता. निम्मींहि पुरीं झालीं नाहींत. जीं झालीं तीं चांगलीं होतीं, आणि तीं चांगल्या मजुरीच्या कारागिरांना मिळालीं. पुढें घरें वाढलीं तसें वाटपाचें शास्त्रहि वाढलें. यादी, यादींत गुण, गुणांसाठीं रहिवासाची अट. अर्जदाराच्या घरीं कौन्सिलची निरीक्षक बाई येई. बिछाने कसे आहेत, चूल स्वच्छ आहे कीं नाहीं, हें पाहून शेरा लिही, आणि त्या शेऱ्यावरून नवें घर द्यावयाचें कीं जुनाट, हें ठरे. १९६९ सालीं कलिंगवर्थ समितीनें या प्रकारावर सडकून टीका केली. बर्मिंगहॅममध्यें यादींत यथावकाश वर चढण्यास पांच वर्षांचा रहिवास लागे. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज येथून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाला ही अट किती नडली असेल हें सांगावयास नको. ज्याला राहावयास जागा नाहीं त्यानें एकाच शहरांत पांच वर्षें राहून दाखवावें, यांतील विसंगति कोणाच्या ध्यानीं आली नाहीं असें नव्हे. ती सोयीची होती.

१९४६ च्या उन्हाळ्यांत लोकांनीं अर्ज करणें सोडून दिलें. युद्धांत घरें पडलेलीं, सैनिक परतलेले, आणि सैन्याच्या छावण्या मात्र ओस. कुटुंबेंच्या कुटुंबें हातगाड्यांवर सामान घालून त्या छावण्यांत शिरलीं. शरदृतूपर्यंत एक हजारांहून अधिक छावण्यांत सुमारें चाळीस हजार माणसें राहत होतीं. सरकार प्रथम रागावलें, मग त्यानें बहुतेकांचें राहणें निमूटपणें मान्य केलें.

दोनच वर्षांनीं, १९४८ सालीं, जुना दरिद्रविषयक कायदा रद्द झाला व राष्ट्रीय साहाय्याचा कायदा आला. परंतु या नव्या कायद्यानेंहि तात्पुरता आसरा दिला तो कोणाला? ज्याची अडचण आधीं ओळखणें शक्य नव्हतें अशाला. आग लागली, पूर आला, तर आसरा. मालकानें बाहेर काढलें तर 'तें तुम्हांला अगोदर कळावयास हवें होतें' हें उत्तर. पुष्कळ ठिकाणीं हा आसरा म्हणजे जुन्या वर्कहाउसच्याच इमारती होत्या. पाटी बदलली, भिंती त्याच. केंट परगण्यांतील किंग हिल येथील वसतिगृहांत आई व मुलें यांनाच राहूं देत. नवऱ्यानें ठराविक वेळीं येऊन भेटून जावें, असा नियम होता. १९६५ व ६६ सालीं तेथील कुटुंबांनीं हा नियम मोडला. नवरे आपल्या बायकामुलांजवळ राहिले, आणि कोर्टाच्या मनाईचा भंग केला म्हणून त्यांपैकीं कांहींजण तुरुंगांत गेले. स्वतःच्या बायकोजवळ राहिल्याबद्दल कारावास! १८३४ चें वर्कहाउस याहून फार निराळें होतें असें मला वाटत नाहीं.

१६ नोव्हेंबर १९६६ रोजीं बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर 'कॅथी कम होम' हें नाटक झालें. घर गमावलेल्या एका तरुण जोडप्याची ती कथा. शेवटीं आईच्या कुशींतून मुलें ओढून नेलीं जातात. सुमारें एक कोटी वीस लक्ष लोकांनीं तें पाहिलें आणि देश हळहळला. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला 'शेल्टर' ही संस्था निघाली. तरीहि कायदा व्हावयास अकरा वर्षें लागलीं. आणि तोहि सरकारनें आणला नाहीं, तर स्टीफन रॉस नांवाच्या एका लिबरल सभासदानें खाजगी विधेयक म्हणून मांडला.

१९७७ च्या या कायद्यानें बेघराला घर मिळवून देणें हें कौन्सिलचें कर्तव्य ठरविलें. हें पाऊल मोठें होतें, यांत शंका नाहीं. पण पार्लमेंटांत ओरड झाली कीं रांग मोडून पुढें घुसणाऱ्यांना आतां रान मोकळें मिळेल, समुद्रकांठच्या गांवांवर बाहेरच्यांची धाड पडेल. तेव्हां दाराशीं चार प्रश्न बसविण्यांत आले. आपण खरोखर बेघर आहांत काय? आपली गरज अग्रक्रमाची आहे काय? आपण जाणूनबुजून तर बेघर झालां नाहीं? आणि या गांवाशीं आपला संबंध काय? यांतील शेवटचे दोन ऐकले कीं १८३४ आणि १६६२ हीं सालें आपोआप आठवतात.

या प्रश्नांचीं उत्तरें देतांना न्यायाधीशांचीहि पंचाईत झाली. १९८६ सालीं एक जोडपें आपल्या दोन मुलांसह एका लॉजच्या एकाच खोलींत राहत होतें. तेथें स्वयंपाकाची सोय नाहीं, कपडे धुण्याची नाहीं. बाहेरच्या जेवणांतच पैसे संपून जात. उमरावांच्या सभेनें, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायासनानें, निकाल दिला कीं निवारा आहे, अर्थात् हीं माणसें बेघर नाहींत. डायोजेनिसच्या पिंपाला मात्र निवारा म्हणतां येणार नाहीं, एवढी सवलत त्यांनीं दिली. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती करून, राहत राहणें वाजवी असेल तरच तो निवारा, असें घालावें लागलें. त्याआधीं १९८१ सालीं बांगलादेशांतील एका कामगाराचा खटला त्याच न्यायासनापुढें आला होता. बरींच वर्षें इंग्लंडांत राबल्यावर त्यानें बायकामुलांना बोलावून घेतलें आणि जागा गेली. कौन्सिल म्हणालें, घराची तजवीज न करतां कुटुंब आणलें, तेव्हां हा हेतुपुरस्सर बेघर. न्यायाधीश म्हणाले, सर्वांनीं मिळून राहावें असें घर या कुटुंबाला कधीं मिळालेंच नव्हतें. मग तें यांनीं सोडलें असें कसें म्हणतां? तो बिचारा जिंकला.

एकट्या पुरुषाची गत याहून बिकट. मुलें नाहींत, वय नाहीं, तर आपण विशेष दुर्बल आहोंत असें त्यानें सिद्ध करावयाचें. कोणाच्या मानानें दुर्बल? बरींच वर्षें कोर्टांचें म्हणणें असें कीं सामान्य बेघर माणसाच्या मानानें. म्हणजे रस्त्यावरचे बहुतेक लोक आजारी असतील तर आजारी असणें हें तेथें सामान्यच ठरे! २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें माप टाकून दिलें, आणि तुलना सर्वसाधारण माणसाशीं करावी, असें सांगितलें.

कारकुनाला खलपुरुष ठरविण्याची मला इच्छा नाहीं. त्याच्या हातांत देण्याजोगीं घरेंच उरलीं नाहींत. १९८० च्या कायद्यानें भाडेकऱ्यांना कौन्सिलचीं घरें सवलतीच्या किंमतींत विकत घेण्याचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडांत सुमारें वीस लक्ष घरें अशीं गेलीं, आणि त्यांच्या जागीं नवीं फार थोडीं उभीं राहिलीं. भांडें रिकामें असलें कीं वाढणारा पंक्तींत दोष शोधूं लागतो. २०२५ च्या मार्चअखेर इंग्लंडांत एक लक्ष तीस हजारांहून अधिक कुटुंबें हॉटेलांत आणि तात्पुरत्या जागांत दिवस काढीत होतीं.

सुधारणा मुळींच झाल्या नाहींत असें नाहीं. स्कॉटलंडनें २०१२ च्या अखेरीस अग्रक्रमाची अट काढूनच टाकली. इंग्लंडांत बॉब ब्लॅकमन यांच्या खाजगी विधेयकावरून २०१७ चा कायदा झाला. हे गृहस्थ पुढें आपल्या सरकारच्या पद्मश्रीचे मानकरी झाले. घर सुटण्यापूर्वीं ५६ दिवस कौन्सिलनें मदतीस लागलें पाहिजे, असें तो सांगतो. आरंभीं सांगितलेल्या बाईला या कायद्यानें निदान खिडकीपाशीं उभें राहण्याचा हक्क मिळाला असता. चार प्रश्न मात्र तेथेंच आहेत.

आणि अर्ज नाकारला तर? निर्णय लेखी द्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून २१ दिवसांत फेरविचार मागतां येतो. पण ज्याला पत्ताच नाहीं त्याला पत्र मिळावयाचें कोठें? कायदा करणाऱ्यांनीं याचाहि विचार करून ठेविला आहे. पत्र पोंचलें नाहीं, तरी तें अर्जदारानें येऊन घेऊन जावें म्हणून कौन्सिलच्या कचेरींत योग्य मुदतीपर्यंत ठेवलें असलें, म्हणजे तें त्याला मिळालें असें समजण्यांत येतें.