फोटो काढण्याआधी दोन शब्द

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याचा खोकला काही केल्या जाईना, म्हणून मी तिला तालुक्याच्या गावी घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितले. तिला आत नेऊन एका गार पाटीला छाती टेकवून उभे केले. मी दाराबाहेर होतो. आतून आवाज आला, "होल्ड ब्रेथ!" आत्याने मागे वळून विचारले, "काय म्हनला रं बाबा?" झाले! फोटो हलला आणि पुन्हा काढावा लागला. "आजी, मी सांगेन तेव्हा दम धरा, सोडा म्हटलं की सोडा," एवढे दोन शब्द आधी बोलले असते, तर पहिलाच फोटो नीट आला असता.

श्रोतेहो, हे दोन शब्द म्हणजे नुसती गोड बोलण्याची रीत नव्हे. त्यांच्यामागे शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यासाठी माणसांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना एका नव्या किरणाचा शोध लागला. बीजगणितात न कळलेल्या संख्येला आपण 'क्ष' म्हणतो ना, तसेच या न कळलेल्या किरणाला त्यांनी नाव दिले. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. सुमारे पंधरा मिनिटे त्या बाई हात न हलवता बसून होत्या. काचेवर हाडे उमटली, बोटातली अंगठीही उमटली. क्ष-किरणांच्या या प्रसिद्ध चित्राला पहिल्या दिवसापासून दुसऱ्या माणसाचा धीर आणि विश्वास लागला, हे आपण विसरतो.

जगाला मात्र यंत्राचेच वेड लागले. दोन-तीन वर्षांत ते आपल्या वायव्य सरहद्दीवर पोचलेसुद्धा. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या त्याच्या साहाय्याने शोधल्या. उपयोग डोळ्यांना दिसत होता, अपाय दिसत नव्हता. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. किरणांची नळी नीट चालते की नाही, हे तो तिच्यापुढे स्वतःचा हात धरून पाही. हात भाजले, सडले, शेवटी कापावे लागले. १९०४ साली तो वारला. एडिसन यांनी या किरणांचे काम सोडून दिले.

याच काळात बोस्टनमध्ये विल्यम रोलिन्स नावाचे एक दंतवैद्य होते. बाहेरून भाजल्याची खूण नसतानाही हे किरण जीव घेऊ शकतात, हे त्यांनी १९०१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले. मग त्यांनी साधे नियम सांगितले: डॉक्टराने डोळे जपावेत, किरणांची नळी बंद पेटीत ठेवावी, आणि रोग्याचा जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा ठेवून बाकीचा झाकावा. या तिसऱ्या नियमात रोग्याची आठवण आहे, हे लक्षात घ्या. पण त्या वेळी फारसे कोणी ऐकले नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्मारक उभारले गेले. या किरणांपायी प्राण गमावलेल्या डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, परिचारिकांची १६९ नावे त्यावर कोरली; पुढे त्यांत आणखी भर पडली. काम करणाऱ्यांची नावे दगडावर आली. टेबलावर निजणाऱ्यांची नावे त्यावर नाहीत.

त्यांचे दुःख ऐकले एका स्त्रीने. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांना प्रश्न पडला, की लहान मुले रक्ताच्या कर्करोगाने का दगावतात? त्यांनी काय केले? मूल गमावलेल्या आयांनाच विचारले. खायला काय दिले, आजार कोणते झाले, पोटात मूल असताना काय काय घडले, अशी प्रश्नांची यादीच केली. उत्तरांतून दिसले, की पोटुशी असताना पोटाचा क्ष-किरण फोटो काढलेल्या आयांच्या मुलांत हा रोग अधिक होता. १९५६ आणि १९५८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कित्येक वर्षे वाद चालला, पण शेवटी वैद्यकाची रीत बदलली. जे यंत्राला सांगता आले नाही, ते आयांनी सांगितले. त्यासाठी त्यांना कोणीतरी विचारावे लागले.

म्हणून आज क्ष-किरण शिकणाऱ्या मुलामुलींना यंत्राच्या कळा शिकवतानाच रोग्याशी कसे वागावे हेही शिकवतात. आधी नाव विचारून खात्री करावी, नाहीतर सखाराम पाटलांचा फोटो सखाराम शिंद्यांच्या पाकिटात जायचा! काय करणार ते रोग्याच्या भाषेत सांगावे. बाईमाणसाची लाज राखावी आणि दिवस गेले आहेत का, हे एकांतात विचारावे. मोडलेला हात आधार देऊन उचलावा. दम धरायचा तो एकदा करून दाखवावा. किरण हव्या तेवढ्याच भागावर पाडावेत. आपल्या देशात या साऱ्या किरणांच्या वापरावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे.

हे ऐकून कोणी फोटोला भिऊ नये बरे का! छातीच्या एका फोटोत जेवढे किरण अंगात जातात, तेवढे माती, दगड आणि आकाश यांतून आपल्याला थोड्याच दिवसांत मिळत असतात. डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितला तर फोटो जरूर काढावा. उगाच काढलेला आणि चुकल्यामुळे पुन्हा काढावा लागलेला फोटो टाळायचा, एवढेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. दवाखान्यात जाणाऱ्याला सांगा, की कळले नाही तर विचारायला लाजू नका, आणि दिवस गेले असतील तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगा. आमच्या आत्याने मागे वळून विचारले. फोटो बिघडला खरा, पण चूक विचारणाऱ्या आत्याची नव्हती.