आतड्याचा बांध

घोटीच्या भातखाचरांत वाढलेल्या माणसास बांधाचे मोल सांगावे लागत नाही. खेकड्याने बांध पोखरला की पलीकडचे पाणी अलीकडे शिरते. मानवी देहातही असा एक बांध आहे. तो म्हणजे आतड्याचे अस्तर. पलीकडे कोट्यवधी जंतू, अलीकडे रक्त.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने जंतू गिळणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. त्यास १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्यातील जंतूंवर माणसाचे आयुर्मान अवलंबून असते, असे त्याचे मत होते. त्याच संस्थेत १९८३ साली बारे-सिनुसी व मोंतानिए यांना एड्सचा विषाणू सापडला. नोबेल मिळाले २००८ साली, बरोबर शंभर वर्षांनी!

हे दोन धागे जुळले ते २००६ साली. अमेरिकेत ब्रेंचली, डोएक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हा विषाणू आतड्यातील पहारेकरी पांढऱ्या पेशी प्रथम मारतो. मग बांध पाझरतो, जंतूंचे अंश रक्तात उतरतात, आणि प्रतिकारशक्ती अखंड खवळलेली राहते. खवळलेल्या पेशींतच विषाणू जोमाने वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे. औषधाने विषाणू दबतो, परंतु बांधाची डागडुजी पुरती होत नाही.

भारतात हा विषाणू १९८६ साली मद्रासेत प्रथम आढळला. पुण्यास १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. आमच्या गावावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. लोकांनी सारा दोष ट्रकवाल्यांच्या माथी मारला. आमचा एक हमाल सोबती जुलाबांनी खंगत गेला, तेव्हा आम्ही, कामगारांच्या ऐक्याची भाषणे करणारे, त्याच्या पेल्यास शिवलो नाही. पेल्याने हा रोग पसरत नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देण्यास आरंभ केला. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या रोगापायी कामावरून काढणे आता बेकायदा आहे. दही-ताक अवश्य घ्यावे, पण ते औषध नव्हे. गोळी एक दिवसही चुकवू नये.

देहाचा बांध डॉक्टर पाहतील. माणुसकीचा बांध आम्हीच फोडला होता. तो आम्हीच घातला पाहिजे.