पुंज-संगणक आणि पाषाणमधला क्लोरोफॉर्म

शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत असे समजू. गावाहून आलेल्या पाहुण्याला जोश्यांचे घर हवे आहे, पण दारांवर पाट्या नाहीत. नशीब वाईट असेल तर त्याला तीन दारे ठोठवावी लागतील. तिन्हीकडे ‘इथे नाहीत’ म्हटले की चौथे आपोआप कळते. पुंजयामिकीच्या नियमांवर चालणारा संगणक हे काम एकाच विचारणेत करील, असे लव ग्रोव्हर यांच्या १९९६च्या संशोधनातून निघते. दोन वर्षांनी अमेरिकेत ते प्रत्यक्ष करून दाखवले गेले. त्या वेळचा ‘संगणक’ होता नळीभर क्लोरोफॉर्म, पूर्वी भूल द्यायला वापरत तोच!

क्लोरोफॉर्मच्या रेणूत एक कार्बन, एक हायड्रोजन आणि तीन क्लोरीन असतात. कार्बन-१३ हे समस्थानिक घेतले, तर त्याचे आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र इवल्या चुंबकांसारखे वागतात. बाहेरच्या जोरदार चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने उभे राहिले तर ०, विरुद्ध दिशेने तर १. दोघांच्या मिळून चार जोड्या: ००, ०१, १०, ११. ही आपली चार बिऱ्हाडे. रेडिओलहरींचा नेमका धक्का दिला, की या चारही अवस्थांचे मिश्रण, म्हणजे अध्यारोपण, तयार होते. अशा प्रत्येक चुंबकाला क्यूबिट म्हणतात.

‘म्हणजे चारही दारे एकदम ठोठावली’, असे वर्गात कोणीतरी म्हणतेच, आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. ते अर्धेच खरे आहे. मिश्रण नुसते मोजले तर चारांपैकी कोणतेही एक उत्तर नशिबाने हाती येईल. त्यात फायदा काहीच नाही. खरी करामत पुढे आहे. ओंकारेश्वरापाशी मुठेच्या संथ पाण्यात दोन खडे टाकून पाहा. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी अधिक उसळते, उंचवट्यावर खळगा आला की सपाट होते. पुंज-अवस्थांनाही असेच धन-ऋण चिन्ह असते. चुकीची उत्तरे एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तर उसळेल, अशी लहरींची मांडणी करणे हीच या संगणकाची रीत.

मात्र लहरींची लय टिकली पाहिजे. शेजारच्या रेणूंच्या धक्काबुक्कीने ती सुटते. याला डिकोहेरन्स म्हणतात, आणि पुंज-संगणकाचा सगळा इतिहास याच्याशी झगडण्यात गेला आहे.

ही लय सुटताना मोजण्याचा एक सुंदर प्रयोग पुण्यात, पाषाणच्या आयसर संस्थेत झाला. विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि टी. एस. महेश यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. नळीत पुन्हा क्लोरोफॉर्मच होता. त्यामागची कसोटी लेगेट आणि गर्ग यांची, १९८५ची. ती वर्गात सहज करता येते. तीन विद्यार्थ्यांना +१ किंवा −१ निवडायला सांगा. पहिल्या-दुसऱ्याचा गुणाकार, अधिक दुसऱ्या-तिसऱ्याचा, वजा पहिल्या-तिसऱ्याचा. आठही शक्यता तपासा. उत्तर १ किंवा −३ येते, १च्या वर कधीच नाही. हे तीन विद्यार्थी म्हणजे एकाच वस्तूचे तीन क्षण. आपण पाहो न पाहो, वस्तूला प्रत्येक क्षणी ठरावीक किंमत असेल, तर सरासरी १ ओलांडणार नाही. पुंजयामिकी मात्र १.५ पर्यंत जाऊ देते. पाषाणच्या प्रयोगात मोजमापांमधला काळ थोडा असताना ही मर्यादा मोडली. काळ वाढवत नेला तसा आकडा हळूहळू मर्यादेच्या आत आला. अणुकेंद्रे आपले पुंजपण विसरत होती, आणि ते विसरणे आलेखावर दिसत होते. आम्हाला हा आलेख मोठमोठ्या घोषणांपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.

द्रवातल्या रेणूंची वाट फार लांब गेली नाही. सात क्यूबिटांच्या रेणूने २००१ मध्ये १५चे ३ आणि ५ असे अवयव पाडले. पण क्यूबिट वाढतात तसा उपयोगी संकेत झपाट्याने क्षीण होतो. म्हणून पुष्कळ संशोधक निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेल्या अतिसंवाहक मंडलांकडे वळले. अशा सहा क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्यूबिट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले, तर नियंत्रणाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने जुळवली.

सहा क्यूबिट म्हणजे चौसष्ट बिऱ्हाडे. ग्रोव्हरच्या रीतीने त्यांत शोधायला तत्त्वतः सहा विचारणा पुरतात. तोवर सहाही जणांची लय टिकली पाहिजे.