सात हालींचे सहा कलदार

बिदर आणि कलबुर्गी (जुने गुलबर्गा) हे जिल्हे १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे नाणे स्वतःचे होते, त्याला लोक ‘हाली’ म्हणत. पश्चिमेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात ब्रिटिश अमलाचा रुपया चाले, तो ‘कलदार’. दोन्ही रुपये सोळा आण्यांचे आणि दोन्हीकडे आण्याच्या बारा पै, पण किंमत वेगळी. पूर्वी हा दर बाजारात वरखाली होई. विसाव्या शतकात तो स्थिरावला: सात हालींना सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांना ११६ हाली रुपये १० आणे ८ पै. आळंद, बसवकल्याण, भालकीकडच्या माणसाला सोलापूरच्या पेठेशी व्यवहार करायचा तर हा हिशेब टळत नसे.

कलदारातून हालीत जाणे सोपे होते, उलटी वाट अवघड होती. रुपयाच्या १९२ पै. १९२ला ६ने भाग जातो, ७ने जात नाही. त्यामुळे एका कलदार रुपयाचे १ हाली रुपया २ आणे ८ पै नेमके येत, एका कलदार आण्याच्या १४ हाली पै येत. उलट एका हाली रुपयाचे कलदारात १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश निघत. असे नाणे कुठल्याच टांकसाळीत पडत नव्हते. तो तुकडा देणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने सोसायचा. पूर्ण पैंमध्ये नेमकी होणारी सर्वांत लहान अदलाबदल ७ हाली पैंची, कारण तिच्या बदली ६ कलदार पै, म्हणजे दोन जुने पैसे येत.

मोड देण्याचे कोडे याच्या पुढचे. संस्थानात १ पै, २ पै आणि अर्ध्या आण्याची, म्हणजे ६ पैंची, नाणी होती. त्यांतून ७ पै पाच प्रकारे मोजता येतात: अर्धा आणा आणि एक पै हा एक प्रकार, अर्धा आणा न घेतल्यास दोन पैंची नाणी शून्य, एक, दोन किंवा तीन असे चार. एका आण्याची मोड याच नाण्यांत बारा प्रकारे होते. अर्धे आणे दोन घेतले तर एकच प्रकार, एक घेतला तर चार, एकही नाही तर सात.

ठरावीक दर आणि पूर्ण संख्या यांची सांगड घालणारे गणित या भूमीला हाली-कलदारच्या हिशेबाहून हजार वर्षे आधीपासून परिचित होते. कलबुर्गी जिल्ह्यातील, कागिणा नदीकाठचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाची स्तुती जैन गणिती महावीराचार्य यांनी सुमारे ८५० साली रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथाच्या आरंभी आहे. त्यातील एका उदाहरणात राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर पणांत शंभर पक्षी आणायचे आहेत: ३ पणांना ५ पारवे, ५ पणांना ७ सारस, ७ पणांना ९ हंस, ९ पणांना ३ मोर. एक उत्तर असे: १५ पारवे ९ पणांना, २८ सारस २० पणांना, ४५ हंस ३५ पणांना, १२ मोर ३६ पणांना. पक्षी ठरलेल्या गटांतच घ्यायचे आणि चारही जाती हव्यात, असे धरले तर एकूण सहा उत्तरे निघतात. आण्याच्या मोडीचे उत्तर एकच का नसते, हे इथेही दिसते: अज्ञात संख्या जास्त, अटी कमी.

१९५०पासून हैदराबादेत भारतीय रुपया चालू झाला आणि हाली हळूहळू मागे पडली. १ नोव्हेंबर १९५६ला बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. बिदरमधील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याला मिळाले. लगेच १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले, म्हणून आण्याचे सव्वासहा. सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ असलेल्या माणसालाही पाव पैसा देता येईना. सरकारी कोष्टकात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ नवे पैसे ठरले. साहजिकच तीन आणे एकेक करून दिले तर १८ पैसे हाती येत आणि एकदम दिले तर १९. ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ला गळून पडले.