चो ओयूची समिती आणि बारीचा वाटाड्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नगर जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक दुष्काळ आणि दुसरी साखर कारखाने. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर याच जिल्ह्यात आहे, हे अनेकांना शाळेच्या भूगोलानंतर आठवत नाही. पूर्वी अहमदनगर आणि २०२४पासून अहिल्यानगर असे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्याचा पश्चिम कोपरा म्हणजे अकोले तालुका. तिथे कळसूबाई आहे, १६४६ मीटर उंच. तिथेच हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा, प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड आणि साम्रदची सांदण दरी आहे. जामखेड-पाथर्डीकडचा माणूस आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा याच जिल्ह्यातला भंडारदऱ्याचा माणूस पावसाला कंटाळलेला असतो.

मी काही गिर्यारोहक नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेला पहिला डोंगर तूरचा, हजरत मूसांचा. प्रत्यक्ष पायाखाली आलेला पहिला डोंगर मात्र कळसूबाईचा. १९८९ सालच्या नवरात्रात आम्ही कॉलेजातली पाच-सहा पोरे बारी गावातून वर निघालो. उतरताना धुके आले, कातळाच्या टप्प्यावर माझा पाय घसरला आणि घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. जत्रेहून परतणाऱ्या बारीच्या एका गृहस्थाने मला चक्क पाठुंगळीला घेतले. मी सारखा म्हणत होतो, ‘मामा, थोडं थांबा, तुम्हाला त्रास होतोय.’ ते म्हणाले, ‘तू गप बस पोरा. डोंगर माझा हाये, त्रास पण माझा.’ खाली आल्यावर आम्ही पैसे काढले, तर त्यांनी हात जोडले. घरात चहा पाजला आणि एस.टी. येईपर्यंत सोबत थांबले. त्यांचे नाव मी विचारले नाही. ती चूक मला आजही बोचते आणि या भाषणाचे मूळ तिथेच आहे.

डोंगर चढणे हा माणसाचा एकट्याचा खेळ वाटतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पंडित नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्यात जातीने लक्ष घातले. क्षेत्रीय प्रशिक्षणाची सूत्रे तेनसिंग यांच्याकडे आली. दुसऱ्यांचे ओझे वाहून ज्याने डोंगर शिकला, तो माणूस शिकवणारा झाला. स्वतंत्र भारताच्या गिर्यारोहणाची ही सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते.

पण शिकवणारी संस्था असून भागत नाही. मोहिमेला पैसा लागतो, साहित्य लागते, परवानग्या लागतात. इथे आपल्या मुंबईचा एक माणूस इतिहासात येतो. केकी बुनशाह हे मुंबईचे वकील. नेपाळ-तिबेट सीमेवरच्या चो ओयू या सुमारे ८२०० मीटर उंच शिखरावर भारतीय मोहीम न्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले. एकट्या माणसाच्या खिशाला हे झेपणारे नव्हते. तेव्हा केंद्रातील वरिष्ठ सनदी अधिकारी एस. एस. खेरा यांच्या पुढाकाराने मोहिमेला पाठबळ देणारी एक समिती उभी राहिली. १५ मे १९५८ रोजी सोनाम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा चो ओयूच्या माथ्यावर पोहोचले. याच मोहिमेत दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य मेजर नरेंद्र धर जयाल यांचा उंचीवरील आजाराने बळी घेतला. यश आणि मृत्यू दोन्ही एकाच मोहिमेत पदरी पडले.

साधारणपणे अशा समित्या काम संपले की विसर्जित होतात. सत्काराचे हार सुकतात आणि फायली कपाटात जातात. ही समिती मात्र टिकली. एका मोहिमेसाठी जमलेल्या माणसांच्या लक्षात आले, की दरवेळी नव्याने झोळी पसरण्यापेक्षा कायमची व्यवस्था हवी. १९६१ मध्ये त्याच समितीतून इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन, म्हणजे भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठान आकाराला आले आणि खेरा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

राष्ट्रीय संस्था काय करू शकते, याचे उत्तर पुढच्या चार वर्षांत मिळाले. १९६० साली ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम वादळामुळे माथ्याजवळून परतली होती. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांची दुसरी मोहीमही काहीशे फूट उरले असताना मागे फिरली. दोनदा हरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा पैसे कोण देतो? एखाद्या धनिकाने दिले नसते. संस्थेने दिले, कारण तिने अपयशाचा हिशेब अनुभव म्हणून मांडला. १९६५ मध्ये एम. एस. कोहली यांच्या तुकडीतले नऊ जण २० ते २९ मे या दहा दिवसांत चार फेऱ्यांत एव्हरेस्टवर पोहोचले. एकाच मोहिमेत नऊ जणांचा हा विक्रम सतरा वर्षे अबाधित राहिला. त्याच वर्षी उत्तरकाशीला नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे १९८४ साली प्रतिष्ठानच्याच मोहिमेतून बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२१ मध्ये हर्षवंती बिश्त या प्रतिष्ठानच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याही १९८४च्या मोहिमेत होत्या. संस्थेच्या दोरावरून वर गेलेली व्यक्ती पुढे संस्थेचाच दोर हाती धरते. चांगल्या संस्थेची खूण याहून वेगळी काय असणार?

मोहिमांना अनुदान, महागड्या साहित्याची उसनवारी, हिमालयातल्या शिखरांच्या परवानग्या, परदेशी तुकड्यांबरोबर जाणारे संपर्क अधिकारी, नियतकालिक, ग्रंथालय, कृत्रिम भिंतींवरच्या चढाईच्या स्पर्धा असा या संस्थेचा पसारा आहे. यातले एकही काम टाळ्या मिळवणारे नाही. पण घर उभे राहते ते पायामुळे, कळसामुळे नव्हे.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे बर्फ नाही. आपला डोंगर काळ्या कातळाचा. तो उन्हाळ्यात तापतो, पावसात शेवाळतो आणि हिवाळ्यात फसवा शांत असतो. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला गडांवर चालायला लावले. हरीश कपाडियांसारख्या मुंबईकराने सह्याद्रीच्या वाटांची तपशीलवार नोंद केली आणि तोच माणूस पुढे हिमालयाचा जगन्मान्य अभ्यासक झाला. गावोगावी संस्था निघाल्या. १९८२ साली पुण्यात ‘गिरिप्रेमी’ सुरू झाली. १८ मे १९९८ रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. १९ मे २०१२ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’चे आठ जण तिथे उभे राहिले. ही सगळी माणसे आधी सह्याद्रीवर तयार झाली. एव्हरेस्टची पहिली पायरी अनेक मराठी पोरांसाठी बारी आणि पाचनईतच असते.

आणि इथेच माझ्या मनातला प्रश्न सुरू होतो. वर जाणाऱ्यांचा इतिहास आपण लिहिला, वर नेणाऱ्यांचा लिहिला का?

कळसूबाईची कथा तुम्ही ऐकली असेल. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, झाडलोट करणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तिला नेमके तेच काम सांगितले. तिने ते केले आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. तिने भांडी घासली ती जागा लोक आजही वाटेवर दाखवतात. मला ही कथा देवीची वाटण्याआधी कष्टकरी मुलीच्या स्वाभिमानाची वाटते. राबायला तिची ना नव्हती, मान मात्र तिला हवा होता. तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या पोरांची मागणी याहून निराळी नाही.

आज शनिवार-रविवारी कळसूबाईवर आणि हरिश्चंद्रगडावर जत्रेसारखी गर्दी असते. वाट चुकलेल्याला शोधायला, पडलेल्याला झोळीत घालून आणायला सर्वांत आधी धावतो तो गावातला माणूस. शहरातली पथके येईपर्यंत चार-सहा तास जातात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारख्या व्यवस्थेमुळे आता शहरी पथके आणि गावकरी एकमेकांशी जोडले गेले, ही मोठी जमेची बाजू आहे. पण पहिला हात गावाचाच असतो. जानेवारी २०२०मध्ये कोकणकड्यावर एका ज्येष्ठ, निष्णात गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. इतका अनुभवी माणूस जिथे जातो, तिथे दोराचे शिक्षण न मिळालेला गावकरी कशाच्या भरवशावर कड्याच्या तोंडाशी उतरतो?

दुसरीकडे नियम येत आहेत आणि ते यायलाच हवेत. २०१८ साली राज्य शासनाने साहसी उपक्रमांसाठी निर्णय काढला, त्यावर गिर्यारोहण संस्थांनी हरकती घेतल्या. २०२१ मध्ये पर्यटन विभागाचे साहसी पर्यटन धोरण आले. नोंदणी आली, प्रशिक्षित मार्गदर्शकाची अट आली. पोटचे पोर गमावलेल्या आईबापांचा विचार केला तर यात वावगे काहीच नाही. पण या नियमांची एक बाजू मला अस्वस्थ करते. शहरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला तरुण अधिकृत ठरेल आणि ज्याने मला पाठीवर घेऊन उतरवले, त्याचा नातू आपल्याच डोंगरावर अनधिकृत ठरेल. कळसूला पुन्हा एकदा फक्त भांडी घासायला लावल्यासारखे होईल.

प्रमाणपत्र घ्यावे तर ते मिळते कुठे? हिमालयातल्या संस्थांचा प्राथमिक अभ्यासक्रम जवळपास महिनाभराचा. शुल्क, प्रवास, कपडे, बूट यांचा खर्च वेगळा. शिकवण्याची भाषा हिंदी-इंग्रजी. भाताच्या खाचरावर आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घरातून एक कर्ता मुलगा महिनाभर काढणे म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावे. शिवाय तिथे शिकवतात ते बर्फ आणि हिमनदी. अकोल्याला लागते ते वेगळे शिक्षण. ओला कातळ, ढिसूळ दगड, मधमाश्यांचे मोहोळ, विजा, उष्माघात, साप आणि रात्रीच्या धुक्यातला शोध.

म्हणून मला वाटते, राष्ट्रीय संस्थेने आता उलट्या दिशेने चालावे. दिल्लीने बारीत यावे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघासारखी राज्याची संघटना सोबतीला आहेच. दोघांनी मिळून सह्याद्रीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखावा. तो मराठीत असावा आणि भातकापणीनंतरच्या दिवसांत, टप्प्याटप्प्याने व्हावा. गावकऱ्याला असलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्याला थेट प्रमाणपत्र द्यावे आणि नसलेले तेवढेच शिकवावे. पायथ्याच्या प्रत्येक मोठ्या गावात दोर, स्ट्रेचर, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. एव्हरेस्टच्या मोहिमेला साहित्य उसने देता येते, तर पाचनईला का नाही? आणि शोधकार्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा असावा.

हे स्वप्नरंजन आहे, असे कुणी म्हणेल. त्याला मी मे २०१८ची आठवण देईन. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली पाच मुले एव्हरेस्टवर पोहोचली. सरकारने मनावर घेतले, शिकवणारे भेटले, खर्च उचलला गेला आणि झाले. गुण मुलांत आधीपासून होता. त्यांना कमी होता तो फक्त दोर धरणारा हात.

चो ओयूच्या समितीने १९५८ नंतर दुकान बंद केले असते, तर १९६५ उजाडले नसते. एका मोहिमेपुरते जमलेले लोक पुढच्या मोहिमेचा विचार करत थांबले, एवढाच त्या साऱ्या इतिहासाचा सारांश आहे. आणि त्या समितीला पहिले यश कुणी मिळवून दिले, हेही विसरू नये. माथ्यावर पोहोचलेल्या दोघांपैकी पासांग दावा लामा हे शेर्पा होते. ते १९५४ साली ऑस्ट्रियन तुकडीबरोबर त्याच शिखरावर आधीच जाऊन आले होते. वाट त्यांना पाठ होती.

गेल्या वर्षी पुन्हा बारीला गेलो होतो. वर चढणे आता गुडघ्यांना मानवत नाही, म्हणून गावातच बसलो. त्या गृहस्थांची चौकशी केली. नाव माहीत नसल्यामुळे नुसते वर्णन सांगत राहिलो. चहा देणारा मुलगा हसून म्हणाला, ‘चाचा, असं पाठीवर घेऊन उतरवणारे इथं घरटी एक सापडतील. तुम्ही कोणाला हुडकताय?’

मी त्याला त्याचे नाव विचारले आणि वहीत लिहून घेतले. राष्ट्रीय संस्थेनेही सुरुवात इथूनच करावी. आधी नावे लिहून घ्यावीत.