पाखरांचे पाणी, माणसांचे पाणी

पक्षी अभयारण्य, पाणथळ, रामसर असे शब्द निघाले की आपल्यातले अनेक तरुण म्हणतात, हा आपला विषय नाही. मित्रहो, ज्या चळवळीची सुरुवातच पाणवठ्यावर झाली, तिला हे म्हणता येत नाही.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. गुरे-पाखरे पाणी पीत होती, तिथे माणसाला बंदी होती. तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळारामाचे दरवाजे बंद दिसले, तेव्हा सत्याग्रहींची मिरवणूक गोदाघाटावर गेली आणि तिथेच सभा झाली.

त्याच गोदावरीवर निफाड तालुक्यात, कादवेच्या संगमाजवळ, इंग्रजांच्या काळात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. तो बांधला कालव्यांसाठी. पुढे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती आणि मासे वाढले, हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरू लागले. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

१९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य झाला. पोटावर पाय येईल, या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. सरकारी आदेश निघतो, पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना आधी कोणी विचारत नाही, ही खरी तक्रार आहे.

म्हणून अभयारण्य नको म्हणायचे का? मुळीच नाही. पाणथळ मेली की आधी मासेमार आणि भूमिहीन मजूर मरतो. बागायतदार बोअर खोल नेतो. पाखरू विरुद्ध माणूस हे भांडण लावण्यात भलत्यांचाच फायदा आहे. आपला प्रश्न एवढाच: राखण कोण ठरवणार आणि पर्यटनाचा पैसा कोणाच्या घरी जाणार?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जा. समितीवर कोण आहे ते विचारा, नोंदवही मागा. मासे, गवत, पाखरे ओळखणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांचे ज्ञान त्यात लिहिले गेले का, ते तपासा. समिती कागदावरच असेल, तर ग्रामसभेत उभे राहा.

१९२३ चा ठराव आपोआप अमलात आला नव्हता. हा कायदाही येणार नाही.

जय भीम!